परसातली कोंबडी, मुलाण्याची सुरी

देशावरच्या पुष्कळ गावांत घरची कोंबडी घरच्या माणसानं कापायची पद्धत नव्हती. कोंबडी पाळायची बाईनं, दाणे टाकायचे पोरांनी, दिवस मावळला की डालग्याखाली झाकायची म्हातारीनं. पण पाहुणा आला, जावई आला किंवा आखाडात मरीआईचा दिवस आला की त्याच कोंबडीचे पाय बांधून एखादं पोर मुलाण्याच्या घराकडं पळायचं. मुलाणी बिसमिल्ला म्हणून सुरी फिरवायचा, रक्त निथळू द्यायचा आणि कोंबडी परत पोराच्या हाती द्यायचा. पिसं काढणं, जाळावर भाजणं, हळद लावणं, तुकडे करणं हे पुढचं सगळं घरी.

आज पुण्या-नाशिकच्या आसपास शेतघर बांधून वीस-पंचवीस गावठी कोंबड्या पाळणारा माणूस विचारतो, की त्या आपण कापाव्यात की पैसे देऊन कापून घ्याव्यात? गावठी कोंबडी विकू पाहणाऱ्या बचत गटातल्या बायकांपुढंही हाच प्रश्न असतो. वरवर तो हिशेबाचा वाटतो: वेळ किती जाईल, मजुरी किती पडेल, वजन किती घटेल. महाराष्ट्रात मात्र सुरी कोणी धरायची हे नुसत्या पैशांवर क्वचितच ठरलं. ते गावकीनं ठरवलं, देवानं ठरवलं, नंतर बाजारानं आणि शेवटी कायद्यानं. आणि या प्रत्येक बदलात कोंबडी पाळणाऱ्या बाईचा अधिकार थोडा थोडा कमी होत गेला.

बलुत्यातला मुलाणी

पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्यानं लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत छापला गेला. गावची रचना समजावून सांगताना त्यानं बलुतेदारांची यादी दिली आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी यांच्या पंगतीत तिथं मुलाणीही बसलेला आहे. मशिदीची आणि पिराच्या ठिकाणाची देखभाल करणं, निकाह लावणं ही त्याची धर्माची कामं. त्यांच्या जोडीला गावातली बकरी-मेंढरं कापणं हे त्याचं गावकीचं काम. देवळापुढं किंवा शेताच्या बांधावर दिलेला बळीही बहुतेक ठिकाणी त्याच्याच हातून जायचा. कित्येक कुणबी घरांत मुलाण्यानं दुवा म्हटल्याशिवाय मांस चालत नसे. तसं मांस त्यांच्या लेखी मुर्दाड. त्या काळच्या इंग्रज नोंदकर्त्यांना याचं नवल वाटलं. गावाला त्यात नवल काहीच नव्हतं.

याद्या जागोजागी बदलतात. कुठं मुलाणी बलुत्यात धरला जाई, कुठं अलुत्यात. काम मात्र सगळीकडं सारखंच होतं आणि मोबदल्याची रीतही ठरलेली होती. सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा आणि कापलेल्या जनावरातला काही भाग, असा तो हक्क. त्यामुळं कोंबडी कापायला दर वेळी पैसे मोजावे लागत नसत. कापणारा माणूस गावाचाच असे आणि त्याची मजुरी वर्षाच्या पिकात आधीच धरलेली असे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. महसुली नोकरीत गावं जवळून पाहिलेल्या आत्र्यांनी या रचनेचे गोडवे गायले नाहीत. वंशपरंपरेनं चालत आलेला हक्क शेतकऱ्याला कसा जड होतो, काम कमी आणि मागणी जास्त कशी होते, हे त्यांनी परखडपणे मांडलं. ती टीका मनात ठेवूनच मुलाण्याच्या सुरीकडं पाहायला हवं. ज्या घरानं जनावर पाळलं त्याला ते स्वतःच्या हातानं मारावं लागत नसे, ही या पद्धतीतली सोय होती. सुरीला धार असे, हात सरावलेला असे. आणि आधीच मेलेली कोंबडी मुलाणी कापूच शकत नसे, कारण त्याच्या धर्मात ती निषिद्धच. एका अर्थानं गावातली ती पहिली तपासणी होती.

ही देवघेव एकाच बाजूनं चालत नसे. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात आजही कितीतरी हिंदू कुटुंबं पिराला नवस बोलतात आणि फेडताना कंदुरी करतात. बकरं मुलाणी कापतो, जेवायला भावकी असते, नैवेद्य दर्ग्यात जातो. मार्च २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका पद्धतीनं मांस विकणाऱ्या हिंदू खाटकांसाठी ‘मल्हार’ नावाच्या प्रमाणपत्राची घोषणा केली, तेव्हा कोणाच्या हातचं मांस खावं याची चर्चा राज्यभर झाली. त्या चर्चेत एक जुनी गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. देशावरच्या गावांत मुलाण्याच्या हाती सुरी हिंदू घरांनीच दिली होती, आणि शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याचा वाटा गावानंच काढून ठेवला होता.

सड्यावर, डोंगरात आणि रेवदंड्याला

घाट उतरला की रीत बदलते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत राखणदाराला वर्षाची राखण द्यायची असते. गावाची वेस, शेताचा कोपरा, माडाची बाग सांभाळणाऱ्या अदृश्य धन्याला कोंबडा देण्याची ही प्रथा. तिथं कोंबडा कापण्यासाठी बाहेरचा माणूस बोलवण्याची गरज पडत नाही. घरातला कर्ता पुरुष किंवा गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो आणि तिथंच कोंबडा कापला जातो. मांस शिजतं ते घराच्या किंवा वाडीतल्या पुरुषांच्या हातचं, पुष्कळदा जागेवरच.

पालघर, नाशिक, धुळे, नंदुरबारच्या डोंगरांत वारली, कोकणा, भिल्ल या समाजांमध्ये सुरी भगताच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातात असते. वाघबारशीला वाघदेवाला कोंबडा देतात. गुरांना वाघ-बिबट्यापासून सांभाळ, हे त्या दिवसाचं मागणं. इथं कोंबडी हे खाणं आहेच, त्याशिवाय ती औषध आहे, दंड आहे, पाहुणचार आहे आणि देवाशी बोलायचं साधनही. ती दुसऱ्याकडं नेऊन कापून आणण्याचा विचारच या समाजांत नव्हता.

तिसरी रीत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सापडते. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागातल्या गावांत बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणं कोंबडी कापायला शिकलेला, परवानगी मिळालेला शोहेतच लागतो. सुरीला एकही खाच नको, मान एका सलग ओढीत कापली गेली पाहिजे आणि रक्त पूर्ण निघालं पाहिजे, असे त्याचे कडक नियम. समाज थोडा आणि गावोगावी विखुरलेला. म्हणून प्रार्थना चालवणारा हजानच पुष्कळदा हेही काम करी. मुंबईत या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. त्यानंतर शहरात शोहेत मिळणं सोपं झालं. खेड्यात मात्र तो हजर नसेल त्या दिवशी घरात कोंबड्या असूनही मांसाचं जेवण होत नसे.

म्हणजे एकाच राज्यात तीन रिवाज शेजारी शेजारी नांदत होते. कुठं स्वतःच्या हातानं, कुठं गावच्या बलुतेदाराकडून, कुठं धर्मानं परवानगी दिलेल्या माणसाकडून. कापणारा कोण याला तिन्ही ठिकाणी महत्त्व होतं. आणि पाळणाऱ्याची व कापणाऱ्याची ओळख तिन्ही ठिकाणी होती.

डालग्यापासून चुलीपर्यंत

सुरी मुलाण्याची असो की घरची, कोंबडी साफ करायचं काम बहुतेक घरांत बाईकडंच असे. आणि ते कौशल्याचं काम आहे.

सुरुवात आदल्या रात्री होते. कापायची कोंबडी दिवसा पळापळ करून धरत नाहीत. अंधार पडल्यावर ती शांत असताना धरतात आणि वेगळ्या डालग्याखाली ठेवतात. सकाळपर्यंत तिच्या पोटात दाणा जात नाही. गळ्याखालची दाण्याची पिशवी आणि आतडी रिकामी राहतात, त्यामुळं साफ करताना घाण मांसाला लागत नाही. आजच्या कुक्कुटशास्त्राच्या पुस्तकांत कापण्याआधी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावं असं लिहिलेलं असतं. डालग्याखालची रात्र नेमकी तेवढीच.

मान कापल्यावर कोंबडी उलटी धरून रक्त पूर्ण जाऊ द्यायचं. रक्त राहिलं तर मांस काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. मग गरम पाणी. ते खळखळ उकळतं नको, नाहीतर कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते; कोमट असलं तर पिसं सुटत नाहीत. पंख आणि शेपटीची जाड पिसं आधी, मग अंगावरची. हाताला न लागणारी लव राहते ती चुलीच्या जाळावर फिरवून भाजायची. गावठी कोंबडीच्या रश्श्याला जो खमंगपणा असतो त्यातला मोठा भाग या भाजलेल्या कातडीचा आहे. त्यावर हळद चोळायची, पुन्हा धुवायची आणि मग पोट उघडायचं. पित्ताची पिशवी फुटली की सगळं मांस कडू, म्हणून काळीज काढताना बोटं जपून चालवायची. पेटा चिरून आतली पिवळी कातडी सोलायची. अंड्यावरची कोंबडी असेल तर पोटात लहान-मोठ्या पिवळ्या बलकांचा घोस निघतो आणि तो घरातल्या लहान पोरांचा वाटा असतो.

कोंबडी कधी कापायची हेही बाईच ठरवायची. खुडूक बसलेली कोंबडी कापायची नाही, पिलांची आई कापायची नाही, चांगली तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, अंड्यासाठी राखायची. जादा झालेला कोंबडा किंवा अंडी बंद केलेली म्हातारी कोंबडी हीच चुलीवर जायची. अंडी आणि कोंबड्या आठवडी बाजारात विकून आलेल्या पैशावर घरात तिचाच हक्क असे. मीठ-मिरची, बांगड्या, पोरांची पाटी-पुस्तकं त्यातून निघत. घरातल्या जमीन-जनावरांपैकी तिच्या मर्जीनं विकता येईल असं तिच्याकडं बहुधा एवढंच असायचं.

या व्यवस्थेला सगळ्यात मोठा धक्का माणसानं दिला नाही, रोगानं दिला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊंमधल्या राणीखेत इथं कोंबड्यांच्या ज्या साथीचा अभ्यास झाला, तिलाच भारतभर राणीखेत रोग हे नाव पडलं. महाराष्ट्रातल्या खेड्यांत ती मानमोडी. कोंबडी झुरते, पंख पाडते, मान पिरगाळते आणि दोन-चार दिवसांत सगळं खुराडं रिकामं होतं. पहिलं लक्षण दिसताच उरलेल्या कोंबड्या घाईनं कापून खायची गरीब घरांची सवय इथूनच आली. चार महिन्यांची मेहनत मातीत जाण्यापेक्षा एक जेवण तरी व्हावं, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण आजारी पक्षी घरात कापणं किती धोक्याचं असू शकतं, हे पुढं बर्ड फ्लूनं दाखवलं.

काउंटरवर आलेली कोंबडी

शहरात कथा वेगळी झाली. मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं आणि भाजी-फळांबरोबर जिवंत कोंबड्यांच्या खुराड्यांनाही त्यात जागा मिळाली. बकरी आणि मोठी जनावरं मात्र महापालिकेच्या कत्तलखान्यात गेली. आधी वांद्र्याला, १९७१ पासून देवनारला. तिथं पशुवैद्य जनावर तपासतो, शिक्का मारतो, मगच मांस बाजारात येतं. कोंबडी या चौकटीबाहेर राहिली. एक पक्षी म्हणजे एका कुटुंबाचं एक जेवण. घरोघरी फ्रीज नव्हते, आणि मांस ताजं ठेवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पक्षी जिवंत ठेवणं. गिऱ्हाइकानं पिंजऱ्यातली कोंबडी निवडायची, वजन करायचं आणि डोळ्यांसमोर कापून घ्यायची, ही रीत आजही शहरांतल्या गल्लोगल्ली आहे.

मग कोंबडीच बदलली. त्याचा उगम अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात आहे. १९२३ मध्ये ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या शेतकरी बाईनं अंड्यांसाठी ५० पिलं मागवली आणि चुकून ५०० आली. तिनं ती परत न पाठवता मांसासाठी वाढवून विकली. नफा इतका झाला की पुढच्या काही वर्षांत तिच्याकडं हजारो पिलं झाली आणि शेजारीपाजारी तेच करू लागले. तिथंही तोवर कोंबडी हा बायकांचा परसातला धंदा होता, आणि तिथल्या बायकाही पक्षी स्वतःच कापत, स्वतःच सोलत. ब्रॉयलर आला आणि दोन पिढ्यांत ते काम कारखान्यांत गेलं.

महाराष्ट्रात हा बदल पुण्यातून पसरला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला वेंकटेश्वरा हॅचरीजचा समूह पुढं पुण्यातून चालू लागला आणि परदेशी वाणांवरून भारतात तयार झालेली पिलं गावोगावच्या शेडमध्ये पोहोचली. गावठी कोंबडी दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने घेते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो. परसातल्या उकिरड्यावर चरणारी कोंबडी या वेगाशी स्पर्धा करू शकत नव्हती.

१९९० नंतर कराराची कुक्कुटपालन पद्धत आली. पिलं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी विक्रीला तयार झाला की कंपनीची गाडी रात्री येते, पक्षी भरते आणि शेतकऱ्याला किलोमागं ठरलेला वाढवणुकीचा दर मिळतो. बाजारभावाच्या चढ-उताराचा मोठा भार कंपनी उचलते, आणि पुष्कळ कोरडवाहू शेतकऱ्यांना या पैशानं खरोखर हात दिला. पण पाच हजार पक्षी वाढवणाऱ्या त्या घराच्या मालकीचा त्यातला एकही नसतो. कधी कापायचा, कोणाला विकायचा, कितीला विकायचा, यातलं काहीच तिथं ठरत नाही. जी बाई पूर्वी तलंग राखायची की विकायची हे ठरवत होती, ती आता शेडमध्ये खाद्य-पाण्याची भांडी भरते आणि जमिनीवरचा भुसा उलथते.

दुकानातली कापणीही बदलली. पिसं काढत बसायला दुकानदाराला वेळ नसतो. मान कापलेला पक्षी ड्रममध्ये टाकायचा, शांत झाला की पिसांसकट कातडीच ओढून काढायची, दोन मिनिटांत तुकडे. त्यामुळं बिनकातडीची कोंबडी हीच आज महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरी घरांना ठाऊक असलेली कोंबडी आहे. जिवंत वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग पिसं, कातडी, रक्त, आतडी यांत जातो, आणि दुकानाच्या पाटीवर जिवंत कोंबडीचा आणि साफ केलेल्या मांसाचा असे दोन वेगळे भाव दिसतात ते त्यामुळं. पुष्कळ गावांत हे दुकान मुलाण्याच्याच कुटुंबाचं आहे. खळ्यावरचा वाटा संपला, सुरी राहिली, आणि मोबदला किलोवर आला. घरची कोंबडी घेऊन येणाऱ्याला तोच दुकानदार ठरावीक पैसे घेऊन कापून देतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जुनी आहे. आज त्या हिशेबात कापणावळही धरावी लागते.

साथी, अफवा आणि पन्नास पक्षी

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ निश्चित झाली. नवापूर हे कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र. संसर्ग झालेल्या परिसरातले लाखो पक्षी मारून पुरण्यात आले, आणि त्यात शेडमधल्या पक्ष्यांबरोबर आदिवासी घरांच्या परसातल्या कोंबड्याही होत्या. शेडवाल्याचं नुकसान मोठं होतं. पण देवाला राखलेला कोंबडा आणि अंड्यावरची कोंबडी सरकारी माणसाच्या हवाली करणाऱ्या घराचं नुकसान पैशांत मोजता येत नव्हतं. पुढं जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात हाच रोग सापडला. दोन्ही वेळा एकच सूचना गावोगावी सांगितली गेली: आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळू नका, घरी कापू नका आणि मांस पूर्ण शिजवून खा. मानमोडीच्या काळापासूनची घाईनं कापून खायची सवय आता माणसाच्या जिवावर बेतू शकत होती.

या दोन साथींच्या मध्ये अफवेनंही एक तडाखा दिला. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीमुळं कोरोना होतो असं मोबाईलवर पसरलं आणि राज्यात ब्रॉयलरचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला. शेतकऱ्यांनी पक्षी फुकट वाटले, पिलं पुरली. परसात पाच-दहा कोंबड्या असलेल्या घरांना त्याची झळ फारशी लागली नाही. त्यांच्या कोंबडीचा बाजार गल्लीतच होता.

गावठीची मागणी परत वाढली ती याच काळात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी सुमारे ३१.७ कोटी भरले, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक. व्यापारी शेडमधल्या पक्ष्यांची वाढ त्या मानानं फारच थोडी होती. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या काळ्या कोंबडीचा महाराष्ट्रातही बोलबाला झाला. त्याचीच दुसरी बाजू २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून पुढं आली. पक्षी आणि अंडी परत विकत घेण्याच्या हमीवर शेतकऱ्यांकडून पैसे घेणारी एक कंपनी बंद पडली आणि हजारो कुटुंबांचे पैसे अडकले. पक्षी दारात होते, पण ते घेणारं, कापणारं, विकणारं कोणी नव्हतं. पाळणूक शिकवणारे पुष्कळ होते. पक्षी मोठा झाल्यावर पुढं काय, याची तजवीज कोणीच केलेली नव्हती.

कायद्यात मात्र त्याची तजवीज करता येण्यासारखी एक जागा आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये आलेल्या परवाना नियमांत दिवसाला ५० पर्यंत पक्षी कापणाऱ्याला छोटा व्यावसायिक मानलं आहे. त्याला परवान्याची गरज नाही, साधी नोंदणी पुरते, स्वच्छतेच्या मूलभूत अटी मात्र पाळाव्या लागतात. ५० च्या वर गेलं की राज्याचा परवाना, १००० च्या वर केंद्राचा. अमेरिकेनंही असाच मार्ग काढला होता. तिथं १९५७ च्या कायद्यानं कारखान्यांतल्या पक्ष्यांची सरकारी तपासणी सक्तीची झाली आणि १९६८ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या शेतावर वाढवलेले वर्षाला १००० पर्यंत पक्षी स्वतः कापून विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या तपासणीतून सूट मिळाली. तिथल्या काही राज्यांत ट्रेलरवर बसवलेलं फिरतं कापणी केंद्र असतं. केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीच्या अशा केंद्रात लहान शेतकरी प्रशिक्षण घेऊन आपले पक्षी स्वतःच कापतात. उपकरणं आणि देखरेख संस्थेची, पक्षी आणि हात शेतकऱ्याचे. स्वतः कापणं आणि पैसे देऊन कापून घेणं यांच्या मधली ही वाट आहे.

महाराष्ट्र सरकारची एकात्मिक कुक्कुट विकास योजना निम्म्या अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर देते. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. अंडी उबवणी केंद्रांतून पिलं मिळतात. यातली प्रत्येक गोष्ट पक्षी वाढवण्याची आहे. पक्षी तयार झाल्यावर त्या बाईपुढं आजही दोनच मार्ग उरतात. बाजारात येणाऱ्या व्यापाऱ्याला तो जिवंत विकायचा, नाहीतर दुकानदाराला कापणावळ देऊन घरी खायचा. साफ करून, वजन करून, स्वतःच्या भावानं विकायचा मार्ग तिला कोणी दाखवलेला नाही. गावठीला शहरात ब्रॉयलरपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. त्या भावातला मोठा हिस्सा वाटेतच राहतो आणि तो सुरी ज्याच्या हातात आहे त्याच्या बाजूला पडतो.

हे बदलायला मोठा कारखाना लागत नाही. आठवडी बाजाराच्या गावात ग्रामपंचायतीनं एक पक्की खोली द्यावी: धुता येईल अशी फरशी, वाहतं पाणी, पक्षी उलटा धरायची पत्र्याची नरसाळी, पाणी ठरावीक गरम ठेवणारी टाकी, रबरी बोटांचा पिसं काढायचा ड्रम, बर्फाची पेटी, आणि रक्त-आतड्यांसाठी विहीर-ओढ्यापासून दूर झाकलेला खड्डा. बाजाराच्या दिवशी पशुधन पर्यवेक्षकानं येऊन जिवंत पक्षी पाहावेत. आजारी दिसेल तो बाजूला काढावा. प्रशिक्षण मिळणार असेल, हातमोजे-साबण असतील आणि मजुरी ठरलेली असेल तर सुरी धरायला मुलाण्याच्या घरातला तरुण तयार होईल, बचत गटातली बाईही होईल. ज्याला ज्याच्या हातचं हवं त्यानं ते मागावं. कापणावळ भिंतीवर लिहिलेली असावी आणि विक्रीचे पैसे बाईच्या खात्यात जावेत. दिवसाला पन्नास पक्ष्यांची नोंदणी गावाच्या एका बाजारदिवसाला पुरते. आणि योजनेच्या अर्जात खुराड्याच्या आणि तलंगांच्या रकान्याखाली कापणीच्या जागेचा एक रकाना वाढवायला नवा कायदा करावा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागानं ते मनावर घेतलं तर पुढच्या वर्षाच्या आराखड्यातच ते बसू शकतं.